गोठ्यापासून पाळण्यापर्यंत : प्राध्यापक एदमाँ नोकार

आपल्यापैकी अनेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा वण आहे. जुन्या पिढीच्या हातावर देवीच्या लसीची मोठी खूण असे. तिच्या मानाने हा वण अगदीच नगण्य. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत दिल्या जाणाऱ्या बी.सी.जी. या क्षयप्रतिबंधक लसीची ती खूण होय. या नावातील तीन अक्षरे म्हणजे बॅसिलस, काल्मेत आणि गेरँ : एक जंतू आणि दोन संशोधक. मात्र ज्या माणसाने हा मूळ जंतू क्षयग्रस्त गायीच्या कासेतून वेगळा केला, ज्याच्या हाताखाली गेरँ यांनी धडे गिरवले, त्याचे नाव या तीन अक्षरांत नाही. त्याचे नाव एदमाँ नोकार. ते माणसांचे डॉक्टर नव्हते. पॅरिसजवळील आल्फोर येथील पशुवैद्यकीय विद्यालयाचे प्राध्यापक आणि काही काळ संचालक होते.

फ्रान्समधील सेन-ए-मार्न प्रांतात प्रोव्हँ नावाचे एक प्राचीन, तटबंदीचे गाव आहे. तेथे २९ जानेवारी १८५० रोजी नोकार यांचा जन्म झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १८६८ मध्ये, त्यांनी आल्फोरच्या विद्यालयात प्रवेश घेतला. हे विद्यालय सामान्य नव्हे. क्लोद बूर्जेला या वकिलाने (होय, वकिलाने! अश्वविद्येच्या वेडापायी त्याने वकिली मागे टाकली) १७६२ च्या सुमारास लियों शहरात जगातील पहिले पशुवैद्यकीय विद्यालय सुरू केले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आल्फोर येथे दुसरे. सेन आणि मार्न या नद्यांच्या संगमानजीकची ही संस्था आजही कार्यरत आहे.

नोकारांचे शिक्षण मध्येच खंडित झाले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि हा विद्यार्थी सैन्यात दाखल झाला. युद्ध संपल्यावर ते परतले, अभ्यास पुरा केला आणि १८७३ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी आल्फोरच्या पशुरुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. १८७८ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते शस्त्रक्रिया व चिकित्सा या विषयांचे प्राध्यापक झाले.

त्या काळी पशुवैद्याला समाजात कोणते स्थान होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. घोड्याला नाल ठोकणाऱ्या लोहारापेक्षा तो फार वरचा नाही, अशीच पुष्कळांची समजूत होती. शिवाय विद्यालयातच दोन तट पडले होते. रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतात आणि ते एका जीवाकडून दुसऱ्याकडे जातात, हे लुई पाश्चर यांचे म्हणणे आल्फोरमधील सर्वांना मान्य नव्हते. तेथील ज्येष्ठ प्राध्यापक कोलँ हे पाश्चर यांचे कडवे विरोधक होते. दुसरे ज्येष्ठ, आंरी बूले, आरंभी साशंक होते, पुढे पाश्चर यांचे खंदे समर्थक बनले. तरुण नोकारांना या दोहोंतून वाट निवडायची होती. १८८० मध्ये त्यांनी पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम सुरू केले. स्वतः प्राध्यापक असूनही ते पुन्हा विद्यार्थी झाले. वयाने आणि पदाने थोडे वर गेल्यावर पुन्हा बाकावर जाऊन बसणे किती जणांना जमते, हा प्रश्न शिकवण्याचे काम करणाऱ्या आम्हा सर्वांनाच विचारण्यासारखा आहे.

पुढच्याच वर्षी, १८८१ च्या मे महिन्यात, पुयी-ल-फोर येथील शेतावर पाश्चर यांनी तो सुप्रसिद्ध जाहीर प्रयोग केला. अर्ध्या मेंढ्यांना फाशी रोगाची लस टोचली, अर्ध्यांना नाही. मग सर्वांना जिवंत जंतू टोचले. २ जून रोजी जमलेल्या लोकांनी पाहिले, तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि इतर मेलेल्या वा मरणपंथाला लागलेल्या होत्या. हे शेत नोकारांच्याच प्रांतातले. या कामी पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांना ज्यांनी हात दिला, त्यांत नोकार होते. रू यांच्याशी जडलेला स्नेह त्यांनी अखेरपर्यंत जपला.

१८८३ च्या उन्हाळ्यात इजिप्तमध्ये पटकीची साथ आली. पाश्चर यांनी अलेक्झांड्रियाला चार जणांचे पथक पाठवले : रू, स्त्राउस, नोकार आणि लुई त्विलिये. जर्मनीहून रोबर्ट कॉख आपल्या सहकाऱ्यांसह तेथेच आले होते. दोन शत्रुराष्ट्रांचे शास्त्रज्ञ एकाच शहरात एकाच जंतूचा शोध घेत होते. नोकारांचे पथक पटकी जनावरांत उत्पन्न करून पाहण्याची खटपट करत होते. पण एकही प्रयोग यशस्वी झाला नाही. साथ ओसरू लागली. आणि सप्टेंबरमध्ये त्विलिये यांनाच पटकीने गाठले. ते सत्तावीस वर्षांचे होते. एका रात्रीत त्यांची प्रकृती ढासळली आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या अंत्ययात्रेत कॉख स्वतः आले, पुष्पचक्रे घेऊन आले आणि त्यांनी शवपेटीला खांदा दिला. त्यानंतर कॉख तडक कोलकात्याला गेले आणि १८८४ च्या प्रारंभी पटकीचा जंतू त्यांच्या हाती लागला. नोकार मात्र मित्राला अलेक्झांड्रियात ठेवून रिकाम्या हातांनी मायदेशी परतले. कॉख हे नाव त्यांच्या आयुष्यात पुन्हा यायचे होते.

आल्फोरला परतल्यावर त्यांनी विद्यालयातच एक सुसज्ज प्रयोगशाळा उभारली. आजवर तेथे घोड्याची लंगड आणि गुरांचे पोट पाहिले जात होते. आता सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या सरकू लागल्या. त्यांचे पहिले मोठे काम थेट गोठ्यातले आहे. दुभत्या गायींच्या कासेला सूज येते, कास दगडासारखी होते, दूध नासते. आपल्याकडचे दूधवाले त्याला ‘दगडी’ म्हणतात. मॉलरो या पशुवैद्याबरोबर अभ्यास करून नोकारांनी या विकाराच्या एका सांसर्गिक प्रकाराचा जंतू दाखवून दिला आणि तो एका गायीकडून दुसरीकडे कसा जातो, तेही सांगितले. दूध काढणाऱ्याच्या हातांवरून! आजारी गाय शेवटी पिळावी आणि हात धुवावेत, हा साधा नियम आज प्रत्येक दूध सोसायटीच्या फलकावर असतो. त्यामागील शास्त्र या कामात आहे.

१८८७ हे वर्ष त्यांच्या जीवनात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. पहिले म्हणजे ते आल्फोर विद्यालयाचे संचालक झाले, आणि सांसर्गिक रोगांच्या अध्यापनाची धुराही त्यांच्याकडे आली. ज्या संस्थेत जंतुसिद्धान्ताची टर उडवली जात होती, तिच्या खुर्चीवर पाश्चर यांचा शिष्य बसला. दुसरे कारण वरकरणी किरकोळ वाटेल. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता, पण तो प्रयोगशाळेत वाढवणे ही मोठी जिकिरीची गोष्ट होती. तो आठवडेच्या आठवडे खुंटून राही. नोकार आणि रू यांनी पोषणद्रव्यात थोडे ग्लिसरीन घालून पाहिले आणि जंतू भराभर, भरघोस वाढू लागला. क्षयावरील पुढील सारे संशोधन या ग्लिसरीनच्या ऋणात आहे. खुद्द कॉख यांनी १८९० मध्ये जे ट्युबरक्युलिन जगापुढे मांडले, ते ग्लिसरीनयुक्त द्रवात वाढवलेल्या जंतूंपासूनच तयार झाले होते.

संचालकपद त्यांच्याकडे १८९१ पर्यंत राहिले. प्राध्यापकपद आणि प्रयोगशाळा मात्र त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही. प्रशासनाच्या चार वर्षांतही संशोधनात खंड पडलेला दिसत नाही. १८८८ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावरून आलेल्या गुरांच्या एका रोगाच्या नमुन्यांतून त्यांनी नवाच जंतू वेगळा केला. पुढील वर्षी त्रेव्हिझान या इटालियन शास्त्रज्ञाने त्या जंतुकुलाला ‘नोकार्डिया’ असे नाव दिले. या कुळातील जंतू माणसालाही ग्रासतात आणि त्या रोगाला आजही डॉक्टर नोकार्डिओसिस म्हणतात.

सगळेच शोध मात्र टिकले नाहीत. १८९२ मध्ये दक्षिण अमेरिकेहून आणलेल्या पोपटांपासून पॅरिसमध्ये एक घातक ताप पसरला. प्रवासात मेलेल्या पोपटांचे पंख नोकारांकडे आले. हाडांच्या मगजातून त्यांनी एक जंतू वाढवला आणि तोच या तापाचे मूळ आहे असे जाहीर केले. अनेक वर्षे वैद्यकाने ते मान्य केले. पुढे १९३० च्या सुमारास खरा जंतू वेगळाच असल्याचे सिद्ध झाले. त्या काळच्या साधनांना तो दिसण्याजोगा नव्हता. चुकीचे नाव पडले तरी पोपटाचा आजार माणसाला होतो, हे त्या चौकशीचे सार मात्र खरे निघाले.

आता घोड्यांविषयी. घटसर्प हा शब्द आपण मराठी माणसे दोन रोगांसाठी वापरतो : लहान मुलांचा घसा धरणारा आणि गुरांचा. दोन्ही रोग पूर्णपणे वेगळे आहेत, पण शब्द एकच. मुलांच्या घटसर्पाने एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरेच्या घरे ओस पडत. त्यावरील रक्तजल मोठ्या प्रमाणावर तयार करायचे तर मोठे जनावर हवे. रू यांनी घोडा निवडला. घोडा निवडणे, त्याला हळूहळू विष टोचून तयार करणे, अपाय न होऊ देता त्याचे रक्त काढणे या सर्व कामी नोकारांचे साहाय्य होते. १८९४ मध्ये रू यांनी पॅरिसच्या बाल रुग्णालयातील अनुभव जाहीर केला : जेथे पूर्वी घटसर्पाची निम्म्याहून अधिक मुले दगावत, तेथे हे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशावर आले. धनुर्वाताच्या रक्तजलाचे काम तर नोकारांनी स्वतःच हाती घेतले. शस्त्रक्रिया वा जखम झालेल्या घोड्यांना ते आधीच टोचावे म्हणून त्यांनी देशभरच्या पशुवैद्यांना रक्तजल पुरवले. दोन हजारांहून अधिक जनावरांवरील या अनुभवाने सिद्ध झाले की वेळीच टोचले तर धनुर्वात टळतो. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना हेच संरक्षण मिळाले. सर्पदंशावरील औषध आजही घोड्याच्या रक्तापासूनच तयार होते.

१८९६ मध्ये एमान्युएल लक्लँश यांच्यासह त्यांनी जनावरांच्या जंतुजन्य रोगांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९८ मध्ये रू आणि इतर सहकाऱ्यांसह गुरांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहाचा जंतू वाढवण्यात यश मिळवले. हा जंतू इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली केवळ ठिपके दिसत. तो वाढवण्याची युक्ती वाचनीय आहे. पोषणद्रव भरलेली पातळ कोलोडियनची पिशवी सशाच्या पोटात ठेवली. पिशवीच्या भिंतीतून सशाच्या शरीरातील द्रव आत येई, पण जंतूवर तुटून पडणाऱ्या पेशी बाहेर राहत. आज ज्यांना आपण मायकोप्लाझ्मा म्हणतो, त्यांच्यापैकी प्रयोगशाळेत वाढवलेला हा पहिला.

परंतु नोकारांच्या कार्याचा गाभा मला विचाराल तर तो दुधात आहे. गायींना क्षय होतो हे जुनेच ज्ञान. प्रश्न असा होता की क्षयी गायीचे मांस खाल्ल्याने, दूध प्यायल्याने माणसाला क्षय होतो काय? १८८८ मध्ये पॅरिसला क्षयावरील परिषद भरली. क्षयाची खूण आढळली की जनावराचे सगळे मांस नष्ट करावे, असा अनेकांचा आग्रह होता. नोकारांनी क्षयी गुरांच्या स्नायूंचा रस प्रयोगाच्या प्राण्यांना टोचून पाहिला होता आणि त्यांना रोग क्वचितच झाला होता. म्हणून त्यांनी सरसकट जप्तीला विरोध केला. शेतकऱ्याचे नुकसान करायचे तर त्याला पुरेसे कारण हवे, असे त्यांचे मत होते. पण त्याच मापाने मोजता दूध वेगळे ठरत होते. कासेला क्षय झालेल्या गायीचे दूध जंतूंनी भरलेले असते आणि ते जातेही कोणाकडे? तान्ह्या मुलांकडे आणि आजाऱ्यांकडे. येथे मात्र त्यांनी कधीच सूट दिली नाही.

उपाय कोणता? कॉख यांचे ट्युबरक्युलिन क्षय बरा करील, अशी आशा १८९० मध्ये जगाला लागली होती. ती लवकरच फोल ठरली. पण क्षयी जनावराला ते टोचले की त्याला ताप भरतो, निरोगी जनावराला नाही. कॉख यांचे फसलेले औषध नोकारांच्या हाती उत्तम कसोटी ठरले. डेन्मार्कचे प्राध्यापक बांग यांच्याप्रमाणेच त्यांनीही प्रचार केला : सगळ्या गोठ्याची कसोटी घ्या, बाधित गुरे वेगळी बांधा, वासरे जन्मताच दूर करून उकळलेल्या दुधावर वाढवा. वासरू आईच्या पोटातून क्षय घेऊन येणे ही अत्यंत विरळ गोष्ट आहे. ते गोठ्यात तो घेते. हे सांगत नोकार फ्रान्सभर आणि फ्रान्सबाहेर हिंडले.

आणि मग १९०१ चा जुलै उजाडला. लंडनमध्ये क्षयावर मोठी परिषद भरली. कॉख व्यासपीठावर आले. त्यांनी सांगितले की माणसाचा क्षयजंतू आणि गायीचा क्षयजंतू वेगळे आहेत. माणसाच्या जंतूने वासरांना रोग होत नाही. तेव्हा गायीच्या दुधातून माणसाला क्षय होण्याचा धोका इतका अल्प की त्यासाठी उपाय योजण्याचे कारण नाही. सभागृह अवाक झाले. क्षयजंतूचा शोध लावणारा, जगातील सर्वांत मान्यवर जंतुशास्त्रज्ञ हे बोलत होता. दूधविक्रेत्यांना आणि कायदा टाळू पाहणाऱ्या सरकारांना याहून गोड शब्द कोणते असणार?

कॉख यांचे पहिले वाक्य खरे होते. अमेरिकेचे थिओबाल्ड स्मिथ यांनी दोन जंतूंमधील भेद १८९८ मध्येच दाखवला होता. पण माणसाचा जंतू गायीला बाधत नाही, यावरून गायीचा माणसाला बाधत नाही, असे कसे म्हणता येईल? परिषदेत कॉख यांच्याशी उघड असहमती दर्शवणाऱ्यांत सर्जरीचे पितामह लॉर्ड लिस्टर होते, ब्रिटिश पशुवैद्यक मॅकफॅडियन होते, बांग होते आणि नोकार होते. यांतील तिघे पशुवैद्य. ज्यांना गुरांचे डॉक्टर म्हणून वैद्यकाच्या पंक्तीत शेवटचे पान मिळे, त्यांनी मुलांच्या बाजूने उभे राहून वैद्यकाच्या महर्षीला हटकले. अलेक्झांड्रियात ज्या कॉख यांनी त्विलिये यांना खांदा दिला होता, त्यांच्याविषयी नोकारांच्या मनात द्वेष असण्याचे कारण नव्हते. येथे मतभेद होता तो जंतूविषयी.

ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला. आयोगाने दहा वर्षे प्रयोग केले आणि १९११ मध्ये अंतिम निर्णय दिला : गायीचा क्षय माणसाला होतो, विशेषतः लहान मुलांना, दुधातून, पोटाचा आणि मानेच्या गाठींचा. तो ऐकायला नोकार नव्हते. २ ऑगस्ट १९०३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आल्फोरच्या शेजारच्या सँ-मोरिस येथे त्यांचे निधन झाले होते. दूध पाश्चरीकरण करूनच विकावे, असे कायदे व्हायला तर अनेक देशांत आणखी काही दशके गेली. आपल्या घरी मात्र आई दूध उतू जाईपर्यंत तापवत असे. आयोगाचा अहवाल तिने वाचला नव्हता, पण तिचे चुकत नव्हते.

मृत्यूपूर्वी सुमारे वर्षभर, १९०२ मध्ये, कासेला क्षय झालेल्या एका गायीपासून नोकारांनी जंतू वेगळा करून वाढवला होता. त्यांचा एक विद्यार्थी कामीय गेरँ. तो दहा वर्षांचा असताना त्याचे वडील क्षयाने गेले होते. आल्फोरला शिकत असताना तो नोकारांचा साहाय्यक होता. पदवीनंतर १८९७ मध्ये तो लील शहरातील पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत यांच्याकडे रुजू झाला. पुढे या दोघांनी लस शोधायचे ठरवले तेव्हा त्यांनी घेतला तो नोकारांनी वेगळा केलेला हाच गायीचा जंतू. प्रयोगशाळेत त्याचे टोपणनावच ‘नोकारांचे दूध’ असे पडले होते. १९०८ पासून त्यांनी तो बैलाचे पित्त आणि ग्लिसरीन यांत शिजवलेल्या बटाट्यावर वाढवायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी नवा बटाटा. मध्ये महायुद्ध झाले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी हे काम थांबले नाही. तेरा वर्षांत दोनशे तीस वेळा बटाटा बदलला. अखेरीस जंतू इतका निवळला की तो रोग देईना, पण शरीराला रोगाची ओळख करून देई.

जुलै १९२१ मध्ये पॅरिसच्या शारिते रुग्णालयात ही लस पहिल्यांदा एका नवजात बालकाला दिली गेली. बाळाची आई बाळंतपणानंतर क्षयाने वारली होती आणि त्याला सांभाळणारी आजीही क्षयी होती. बाळ वाचले. भारतात या लसीचे उत्पादन १९४८ मध्ये चेन्नईजवळील गिंडी येथे सुरू झाले. आज ती कातडीत टोचली जाते. आरंभीच्या त्या वर्षांत मात्र तोंडावाटे देत, आणि बाळाला ती चमचाभर कोमट दुधात मिसळून पाजण्याची रीत होती.